पन्नास मीटरच्या आत टीव्ही येत नाही का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्याकडे एका निवृत्त शिक्षकांचं पत्र छापून आलं होतं. शाळेसमोरचे दुकानदार चार पैशांसाठी मुलांच्या जिभेला चटक लावतात, त्यांच्यावर धाडी घाला, असं त्यांचं म्हणणं. पत्र तळमळीनं लिहिलेलं आहे आणि त्यातलं निम्मं मला मान्य आहे. पण ज्यांच्याबद्दल ते लिहिलंय त्यांच्यातलीच मी एक. बार्शीत एका शाळेच्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर आमचं किराणा आणि स्टेशनरीचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. लग्न होऊन आले तेव्हापासून गल्ल्यावर मीच बसते. गुरुजींना फाटकातून जे दिसलं ते त्यांनी लिहिलं, मला गल्ल्यावरून जे दिसतं ते मी लिहिते.

लहान मूल माझ्या दुकानात येऊन काही निवडत नाही. ते ठरवून आलेलं असतं. तिसरी-चौथीतल्या पोरांना पुष्कळदा पाकिटावरचं नाव धड वाचता येत नाही, कारण ते इंग्रजीत असतं. मग ती खुणेनं सांगतात. "काकू, ते द्या ना, ज्यात माकड छतावरून उडी मारतं." नाहीतर नुसती जाहिरातीतली धून म्हणतात आणि वर टांगलेल्या लडीकडे बोट करतात. मला त्या धुनेवरून माल कळतो. बरणीत काय आहे असं विचारणारं मूल आता क्वचितच येतं.

बरण्या आहेत अजून. भाजके शेंगदाणे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, चिंचेच्या गोळ्या. आमच्या सोलापूर जिल्ह्याला शेंगदाण्याचं कौतुक सांगायला नको. पाच रुपयांत मूठभर शेंगदाणे येतात आणि पाच रुपयांतच ते फुगलेलं पाकीटही येतं, ज्यात निम्मी हवा असते. मी एकदोघांना शेंगदाणे पुढे करून बघितले. एका पोरानं विचारलं, "यात काय निघतं?" म्हणजे आत खेळणं कुठलं, स्टिकर कुठला. माझे पुतणे लहान होते तेव्हा चिप्सच्या पाकिटात टाझो म्हणून प्लास्टिकच्या चकत्या यायच्या. ही पोरं पाकीट फोडायची, चकती काढून घ्यायची आणि चिप्स अंगणात कोंबड्यांना टाकायची. सासूबाई चिडायच्या, पैशाचं अन्न कोंबड्यांना घालता म्हणून. मला वाटतं पोरांचा हिशेब बरोबर होता, त्यांना विकलेली वस्तू चकतीच होती.

आता हा माल दुकानात येतो कसा ते सांगते, कारण गुरुजींच्या पत्रात ते नव्हतं. दर आठवड्याला एजन्सीचा पोरगा ऑर्डर घ्यायला येतो. नवीन काही आलं असलं तर तो आधी पाकीट दाखवत नाही, मोबाइलवर जाहिरात दाखवतो. "काकू, सोमवारपासून टीव्हीवर चालू होतंय. आत्ताच दोन बॉक्स घेऊन ठेवा, नंतर माल मिळायचा नाही." पोरगा खोटं बोलत नाही. सोमवारी जाहिरात लागते आणि बुधवार-गुरुवारपर्यंत मुलं ते मागायला लागतात. न ठेवून बघितलंय मी. मूल हिरमुसून पुढच्या दुकानात जातं, आणि तिथे जाताना वही-पेन्सिलचं गिऱ्हाईकही घेऊन जातं. अमुक इतक्या लडी घेतल्या की एक लड फुकट, ही स्कीम. लड दर्शनी भागात, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला टांगायची, ही त्या स्कीमची अलिखित अट. मोठी माणसं उभी राहून बघतात तिथे तांदूळ-डाळी, आणि मूल उभं राहून बघतं तिथे हे. ही मांडणी काही मी शोधून काढलेली नाही.

किंमतही बघा. पाच रुपये म्हणजे पाच. शेंगतेल वाढलं, बटाटा वाढला, डिझेल वाढलं, तरी पाकीट पाचलाच. आतलं वजन तेवढं गुपचूप कमी होत जातं. मुलाच्या हातात पाचाचं नाणं असतं, सहाचं नसतं, हे कंपनीला माझ्यापेक्षा जास्त चांगलं कळतं.

आमचा मुलगा पुण्यात फूड टेक्नॉलॉजी शिकतो. गुरुजींच्या पत्राचा फोटो काढून मी त्याला पाठवला, तर त्यानं उलट मलाच नियमांचा गठ्ठा पाठवला. दोन रात्री दुकान बंद केल्यावर वाचत बसले. आधी मला बांधणारा नियम. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२० मध्ये शाळेतल्या मुलांच्या आहाराबद्दल विनियम काढले, ते जुलै २०२१ पासून लागू आहेत. ज्यात चरबी, साखर किंवा मीठ जास्त आहे असं अन्न शाळेच्या उपाहारगृहात किंवा फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचं नाही, फुकट वाटायचं नाही, त्याची जाहिरातही करायची नाही. त्याच्यामागे दिल्लीच्या उदय फाउंडेशननं २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात केलेली याचिका आहे. आपल्या राज्यानं तर त्याच्याही आधी, २०१७ मध्ये, शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ काढायला सांगितलं होतं.

नियम चांगला आहे. उद्या कुणी येऊन टेप लावली आणि लडी उतरवा म्हणाला, तर मी उतरवीन. एक्कावन्नाव्या मीटरवर माझ्यासारखंच दुकान आहे, त्याचा धंदा वाढेल, वाढू दे. पण त्याच पन्नास मीटरमध्ये दोन्ही बाजूंना घरं आहेत आणि घरागणिक टीव्ही आहे. माझ्या दुकानातही वरच्या फळीवर एक छोटा टीव्ही आहे, दुपारी मालिका आणि उन्हाळ्यात क्रिकेट चालू असतं. लड टांगायला बंदी, आणि तिच्याच डोक्यावर त्याच पाकिटाची जाहिरात दर दहा मिनिटांनी नाचते त्याला बंदी नाही. ही टेप तिथपर्यंत का पोचत नाही, हे विचारण्यासाठी हे पत्र.

टीव्हीला नियमच नाहीत असं नाही. केबल टीव्हीच्या नियमांत तासाला बारा मिनिटांहून जास्त जाहिराती नकोत असं कधीपासून लिहिलंय. दहा मिनिटं मालाच्या, दोन मिनिटं वाहिनीच्या स्वतःच्या. संध्याकाळच्या कुठल्याही मालिकेसमोर घड्याळ घेऊन बसा. बसायचीही गरज नाही, जाहिराती लागल्यावर भाकऱ्या थापायला गेलेली बाई किती भाकऱ्या करून परत येते तेवढं बघितलं तरी पुरे.

मग २०२२ च्या जूनमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात मुलांसाठी वेगळं कलम आहे, आणि ते वाचून मला खरंच बरं वाटलं. जाहिरातीनं मुलाला थेट 'विकत घे' किंवा 'आईबाबांना घ्यायला लाव' असं सांगायचं नाही. अमुक खाल्लं की डोकं चालतं, अंगात बळ येतं, असे पुराव्याशिवाय दावे करायचे नाहीत. मूल घरी जे नेहमीचं, पारंपरिक अन्न खातं त्यापेक्षा आपला माल सरस आहे असं भासवायचं नाही. आणि चिप्स, सोड्याची शीतपेयं, तसला खाऊ, यांची जाहिरात मुलांच्या वाहिनीवर किंवा मुलांच्या कार्यक्रमात करायची नाही. भेटवस्तूचं आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींना मात्र तिथे मनाई नाही, त्यांना 'परावृत्त' करावं एवढंच म्हटलंय. पाकिटातलं खेळणं त्या एका शब्दातून सुटून माझ्या दुकानात येतं.

पण खरी फट दुसरीकडे आहे. 'मुलांचा कार्यक्रम' म्हणजे काय? आमच्या गल्लीत बहुतेक घरांत टीव्ही एकच. कार्टूनची वाहिनी दुपारी तासभर मिळाली तर मिळाली. सात वाजले की रिमोट आजीच्या नाहीतर आईच्या हातात, आणि आयपीएल चालू असली की बापाच्या. सामना साडेसातला सुरू होतो. षटक संपलं की जाहिरात, गडी बाद झाला की जाहिरात, पंच विचार करत असले तरी जाहिरात. शीतपेय, चिप्स, आणि नटांनी तोंडात टाकायची ती वेलची. आपल्या राज्यात गुटखा २०१२ पासून बंद आहे, तरी पानमसाल्याची नावं वेलचीच्या पाकिटावर बसून घरात येतात. पाचवीतल्या मुलानं माझ्याकडे त्या नावाची वेलची मागितली तेव्हा मी त्याला चहात घालायची वेलची काढून दाखवली. "ही नाही, ती हिरोवाली," म्हणाला. कायद्याच्या दृष्टीनं क्रिकेटचा सामना मुलांचा कार्यक्रम नाही. ठीक आहे, मग तो सामना बघायला आमच्या ओट्यावर बसलेल्या पोरांना काय म्हणायचं तेही कायद्यानं सांगावं.

सरकारला जमत नाही असं मी म्हणणार नाही. पैसे लावून खेळायच्या ॲपच्या जाहिराती काही वर्षं दर षटकाला यायच्या. आठवी-नववीतली पोरं काकाच्या फोनवर टीम लावून दुकानात येऊन सांगायची. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा केला, पैशाचे ऑनलाइन खेळ आणि त्यांच्या जाहिराती दोन्ही बंद. भारतीय संघाच्या अंगावरच्या शर्टाचा प्रायोजकही थोड्याच दिवसांत गेला. त्या पोरांचा नाद सुटला की नाही, मला ठाऊक नाही. पण पडद्यावरून ते पाहता पाहता गेलं एवढं खरं.

आता फ्रिजबद्दल. माझ्या दुकानातला काचेच्या दाराचा फ्रिज माझा नाही, शीतपेयाच्या एजन्सीचा आहे. फुकट मिळाला. अट एकच, त्यात दुसरं काही ठेवायचं नाही. बघायला त्यांचा माणूस येतो. कडक उन्हात मुलांना ताक द्यायचं तर ताकाच्या पिशव्या मी घरातल्या फ्रिजमध्ये ठेवते आणि मागितलं की आत जाऊन आणते. दाराच्या काचेतून मुलाला लाल-काळं-नारिंगी पाणी दिसतं, ताक दिसत नाही.

मुलानं पाठवलेल्या कागदांत अमेरिकेतली एक हकिगत होती, ती वाचताना मला हा फ्रिज आठवला. तिथे १९९० मध्ये चॅनल वन नावाची एक कंपनी शाळांत गेली. टीव्ही संच देतो, डिश देतो, व्हीसीआर देतो, सगळं फुकट. बदल्यात शाळेनं आमचा बारा मिनिटांचा बातम्यांचा कार्यक्रम वर्गात रोज दाखवायचा. त्या बारांतली दोन मिनिटं जाहिराती. घरी मूल जाहिरात लागली की उठून पाणी प्यायला तरी जातं, वर्गात उठता येत नाही, हजेरी लागलेली असते. हजारो शाळांनी ते घेतलं, कारण शाळांकडे पैसे नव्हते. काही ठिकाणी शिक्षक आणि पालक वर्षानुवर्षं भांडले. ते २०१८ पर्यंत चाललं.

आपल्याकडे वर्गात असा टीव्ही आलेला नाही म्हणून हायसं वाटून घेऊ नये. आपल्याकडे तो चित्रकला स्पर्धेच्या रूपानं येतो. एका वर्षी जुलैत एका शाळेचा अख्खा पाचवीचा वर्ग मधल्या सुट्टीत माझ्याकडे एकाच बिस्किटासाठी आला. चौकशी केली तर कळलं, कंपनीची चित्रकला स्पर्धा, आणि प्रवेशिकेबरोबर दोन रिकामी पाकिटं जोडायची होती. ज्यांच्याकडे पैसे नव्हते अशा दोन मुली माझ्या कचऱ्याच्या डब्यात पाकिटं शोधत होत्या. त्या दिवशी माझा गल्ला चांगला झाला, हेही लिहिते. वेळापत्रकाचं कार्ड येतं, त्यावर चॉकलेटचं कार्टून. वह्यांवर चिकटवायची लेबलं येतात, नाव घालायची जागा छोटी आणि ब्रँड मोठा. आरोग्यावर व्याख्यान द्यायला पाहुणे येतात आणि जाताना प्रत्येक मुलाला नमुन्याची पुडी देऊन जातात. बाईंनी वर्गात वाटलेली पुडी म्हणजे बाईंनी चांगली म्हटलेली वस्तू. दुसऱ्या दिवशी मूल माझ्याकडे येऊन म्हणतं, "शाळेतलं द्या."

कंपन्या शाळेत पूर्वीही होत्या, हे मला माहीत आहे. बोर्नव्हिटानं १९७२ पासून शाळाशाळांची प्रश्नमंजूषा घेतली, ती आधी रेडिओवर आणि मग नव्वदीच्या दशकात टीव्हीवर गाजली. देशांच्या राजधान्या मला तिच्यामुळेच पाठ झाल्या. तिथे उत्तर आलं की मुलाला गुण मिळायचे, डबा घेतला की नव्हे. रिकामी पाकिटं मागणाऱ्या स्पर्धेत गरीब घरची मुलगी चित्र कितीही चांगलं काढो, कचऱ्यात हात घातल्याशिवाय प्रवेशिकाच पुरी होत नाही.

मुख्याध्यापकांना मी दोष देणार नाही. एकदा बोलले मी त्यांच्याशी. म्हणाले, "वहिनी, पाण्याची टाकी कोण देणार?" समग्र शिक्षा अभियानात ३१ ते १०० पटाच्या सरकारी शाळेला वर्षाला २५ हजार रुपये संयुक्त अनुदान मंजूर होतं. त्यात खडू, रंगरंगोटी, दुरुस्ती, वीजबिल. आमच्या दुकानाचं वर्षाचं वीजबिल मला ठाऊक आहे, म्हणून मी पुढे काही बोलले नाही. पण कुणी टाकी दिली की तिच्यावर कार्टूनचं चित्र आणि ब्रँडचं नाव हवंच, ही सक्ती कुठून आली? मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करावे लागतात. त्याच्याच नियमांत साफ लिहिलंय की मालाच्या जाहिरातीचा फायदा मिळावा म्हणून केलेलं प्रायोजकत्व त्या दोन टक्क्यांत धरायचं नाही. म्हणजे टाकी द्यायची तर बिनचित्राची द्या, असं मुख्याध्यापकांना म्हणता येतं. त्यांना ते कुणी सांगितलेलं नाही. मलाही पोरानं सांगितलं तेव्हा कळलं.

पावडरींबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण तिथे मूल नाही, आई फसते. धुणीभांडी करणारी एक बाई दर पगाराला माझ्याकडून ताकदीच्या पावडरीचा डबा नेते. तिच्या मुलीची उंची वाढत नाही, आणि टीव्हीवर त्या पावडरीनं मुलं भिंतीवरच्या खुणेपेक्षा वर गेलेली तिनं पाहिली आहेत. डबा उलटा करून मी तिला मागचा तक्ता दाखवला. शंभर ग्रॅम पावडरीत तीस ग्रॅमच्या वर साखर असलेले डबे आजही फळीवर आहेत. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन दुकानांना सांगितलं, बोर्नव्हिटासह अशी सगळी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या रकान्यातून काढा, कारण कायद्यात हेल्थ ड्रिंक नावाची वस्तूच नाही. ऑनलाइन रकाने बदलले असतील. आमच्या बायका अजून 'ताकदीची पावडर द्या' असंच म्हणतात. त्याच पैशांत महिनाभर रोज एक अंडं आणि मूठभर शेंगदाणे होतात, हे मी तिला कागदावर मांडून दाखवलं. ती म्हणाली, "ताई, अंडं टीव्हीवाल्यांची पोरं खातात का?" काय उत्तर देणार? शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायला सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी बंद केला. अंड्याची जाहिरात करणारी तेवढी एकच जागा होती.

क्लासवाल्यांच्या फलकांबद्दल लिहीत नाही. गावात शिरताना पहिला फलक पोरांच्या फोटोंचा आणि टक्क्यांचा दिसतो, ते सगळ्यांना माहीत आहे. तो विषय वेगळ्या पत्राचा आहे.

"आमच्या लहानपणी असं नव्हतं" हे पालुपद मला लावायचं नाही. जाहिराती तेव्हाही होत्या. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती आहेत. माझं माहेर कुर्डुवाडीचं, तिथे टीव्ही आला तो १९८५ च्या आसपास, आणि शेजारच्यांच्या खिडकीत उभं राहून आम्ही साबणापासून बिस्किटापर्यंत सगळ्या धुनी पाठ केल्या. पण धून पाठ झाली तरी ती वस्तू गावात मिळायची नाही. चॉकलेटसाठी सोलापूरला जाणारा माणूस गाठावा लागायचा, आणि तोवर हट्ट विरून जायचा. आता जाहिरातीच्या आधी माल माझ्या फळीवर आलेला असतो, आणि मुलाच्या हातात पाचाचं नाणं. हट्ट विरायला मध्ये वेळच उरलेला नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं, की नियम वाहिनीवर लावू नका, घड्याळावर लावा. चिली देशात २०१८ पासून साखर-मीठ-चरबी जास्त असलेल्या खाण्याची जाहिरात सकाळी सहा ते रात्री दहा टीव्हीवर दाखवता येत नाही, कार्यक्रम कुणाचाही असो. तिथे पाकिटावर काळे अष्टकोनी इशारेही असतात, आणि तसल्या पाकिटावर मुलांना भुलवणारी कार्टून छापता येत नाहीत. ब्रिटननं ५ जानेवारी २०२६ पासून रात्री नऊच्या आधी अशा जाहिराती बंद केल्या. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तर तेरा वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरातच करायची नाही, आणि हे १९८० पासून आहे. कंपन्या तिथे देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९८९ मध्ये हरल्या. आमच्याकडे साडेसात ते अकरा क्रिकेट चालतं, तेव्हा घड्याळ दहावर ठेवायचं की अकरावर, ते शहाण्यांनी ठरवावं. मला दहा चालतील.

शाळांपुरतं तर सरकारची वाट बघायचीही गरज नाही. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. रिकामी पाकिटं मागणारी स्पर्धा शाळेत घ्यायची नाही आणि नमुन्याच्या पुड्या वर्गात वाटायच्या नाहीत, एवढा ठराव एका बैठकीत होतो. गुरुजींनी तो मांडावा. त्यांचं ऐकतील, माझं म्हणाल तर "ही स्वतः विकते आणि वर शहाणपण सांगते" म्हणतील.

आणि धाड घालायची असेल तर माझ्याकडे जरूर या, फक्त रिकाम्या हातानं येऊ नका. फ्रिजच्या करारावर कुणाची सही आहे ते विचारा, स्कीमचा कागद बघा. त्या कागदावर माझ्याआधी दोन नावं असतात, एजन्सीचं आणि कंपनीचं. दंडाची पावती फाडताना तिसऱ्याच नावाची फाडू नका, एवढंच म्हणणं.

एक शेवटचं, आणि ते आपल्याबद्दल आहे, तेव्हा छापायचं की नाही तुम्ही ठरवा. आपल्या दैनिकाची मुलांसाठी कूपनांची स्पर्धा दर वर्षी शाळांतून येते. रोज एक कूपन कापायचं, तक्त्यावर चिकटवायचं आणि तक्ता वर्गशिक्षकांकडे द्यायचा. मुलं त्यासाठी माझ्याकडून अंक नेतात, घरात पेपर वाचणारं कुणी नसलं तरी. या वर्षीच्या तक्त्याच्या मागच्या पानावर प्रायोजक म्हणून ज्या कंपनीचं कार्टून आहे, तिच्याच लडी माझ्या दुकानात डोळ्यांच्या उंचीला टांगलेल्या आहेत. पुढच्या वर्षी तक्त्याचं मागचं पान कोरं ठेवता येईल का? नाहीतर तिथे पाढे छापा. तेवीसचा पाढा आजकाल कुणाला येत नाही, मला सुट्टे पैसे देताना रोज कळतं.

एजन्सीवाल्यांशी रोजचा व्यवहार आहे, म्हणून माझं नाव छापू नये ही विनंती. गाव छापायला हरकत नाही.

आपली,
एक किराणा दुकानदार,
बार्शी, जि. सोलापूर